डोंगरावरची वायनरी आणि भिंतीवरची चित्रं: नापाच्या ‘हेस’मध्ये द्राक्षवाल्याने काय बघावं?

दिंडोरी, निफाड, चांदवड भागातल्या कितीतरी घरांतली पोरं आज अमेरिकेत नोकरीला आहेत. आई-वडील तिकडं चार-सहा महिने राहायला गेले की एखाद्या शनिवारी मुलगा-सून त्यांना गाडीत बसवून नापा व्हॅली दाखवायला नेतात. सॅन फ्रान्सिस्कोपासून साधारण दीड तासाचा रस्ता. ‘बाबा, तुम्ही द्राक्षवाले, तुम्हाला आवडेल,’ एवढंच सांगितलेलं असतं.

नापातल्या बहुतेक वायनऱ्या खाली सपाटीला, हमरस्त्याच्या कडेने आहेत. पण एक जुनी दगडी वायनरी माउंट व्हीडर नावाच्या डोंगरात, वळणावळणाच्या रस्त्याने वर गेल्यावर लागते. तिचं नाव ‘द हेस कलेक्शन’. आता हा उद्योग हेस पर्सन इस्टेट्स या नावाने चालतो. इथं वाईनच्या पिंपांच्या शेजारी आधुनिक चित्रं आणि शिल्पांचं संग्रहालय उभं राहिलं. आपला शेतकरी तिथं गेला की दोन प्रश्न विचारणारच. एवढी खाली जमीन असताना डोंगरावर बाग कशाला? आणि द्राक्षाच्या धंद्यात चित्रं कशाला?

पाणी शोधायला आला, द्राक्षात पडला

डोनाल्ड हेस हा मूळचा स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचा. घरचा धंदा बिअरचा. वडील गेल्यावर विशीतच कारभार अंगावर आला. पुढं त्याने ‘वाल्सर’ नावाचं बाटलीबंद झऱ्याचं पाणी विकून मोठा पैसा कमावला. अमेरिकेत तो आला तोही पाण्याचे झरे शोधायला. तिथं नापाची वाईन चाखली आणि बेत बदलला.

काळही तसाच होता. १९७६ मध्ये पॅरिसला झालेल्या चाचणीत बाटल्यांवरची नावं झाकून वाईन चाखल्या गेल्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन फ्रान्सच्या पुढं गेल्या. त्यानंतर जगाचं लक्ष नापाकडं वळलं. हेसने १९७८ मध्ये माउंट व्हीडरवर जमीन घेतली. १९०३ साली बांधलेली तिथली दगडी वायनरी ख्रिस्ती ब्रदर्सच्या ताब्यात होती. ती त्याने १९८६ मध्ये भाड्याने घेतली, दुरुस्त केली आणि १९८९ मध्ये चित्रांसकट लोकांसाठी उघडली.

डोंगरावर द्राक्ष का?

आपण खायचं द्राक्ष पिकवतो. मणी मोठा, साल पातळ, घड देखणा पाहिजे. त्यासाठी विरळणी करतो, जीएचं डिपिंग करतो. वाईनच्या द्राक्षाचं गणित उलटं आहे. मणी बारीक आणि साल जाड हवी, कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी जितका लहान, तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त.

डोंगराच्या उतारावर माती उथळ असते, पाणी थांबत नाही. वेलीला कष्ट पडतात, माल कमी येतो, पण मण्यात ताकद येते. दुसरी गोष्ट हवामानाची. नापात रात्री समुद्राकडून धुकं येतं आणि सपाटीवर बसतं. वरचा डोंगर बऱ्याचदा धुक्याच्या वर राहतो. त्यामुळं वर रात्र तेवढी गार नसते आणि दुपार तेवढी तापत नाही. द्राक्ष सावकाश पिकतं.

आपल्याकडं एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, अशा वर्षात दोन छाटण्या. तिकडं थंडीत वेल पूर्ण झोपी जातो, पानं गळतात, छाटणी वर्षातून एकदाच. काढणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे आपल्याकडं गोडी छाटणीची गडबड असते, तेव्हा त्यांचा माल उतरत असतो. तीव्र उतारावर यंत्र चालत नाही, घड हातानेच तोडावे लागतात. उत्पादन कमी आणि मजुरी जास्त. असा माल सपाटीच्या भावाने विकला तर डोंगरवाला बुडालाच.

भिंतीवर काय मांडलं?

हेसच्या संग्रहातलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे जळता टाइपरायटर. जुनं टाइपरायटर यंत्र आणि कागदाच्या जागी ज्वाळा. अर्जेंटिनाचा कलाकार लिओपोल्डो मालेर याने १९७४ मध्ये ते केलं. त्याचे काका लेखक होते आणि त्यांची हत्या झाली होती. त्यांच्या आठवणीसाठी हे काम. एवढं कळलं की मग ते यंत्र विचित्र वाटत नाही.

पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांची माणसंही या संग्रहात आली. रांगेत उभी, डोकी नसलेली, गोणपाटाला राळ लावून घडवलेली. बाजार समितीत रोज गोणपाट हाताळणारा माणूस त्यांच्यापुढं दोन मिनिटं थांबेलच. इंग्लंडमध्ये जन्मलेला अँडी गोल्ड्सवर्दी पानांचे देठ काट्यांनी जोडून जाळी करतो, माती-दगडातून काम उभं करतो. त्याचीही कामं हेसने घेतली. स्वित्झर्लंडच्या फ्रान्झ गेर्ट्श याने रंगवलेला एका तरुणीचा भिंतभर चेहरा लांबून थेट फोटोच वाटतो.

हेसची खरेदीची पद्धत साधी होती. हयात असलेले मोजकेच कलाकार निवडायचे आणि वर्षानुवर्षं त्यांचंच काम घेत राहायचं. एखादं काम पाहिल्यावर रात्री झोप लागली नाही, ते डोक्यात घोळत राहिलं, तरच घ्यायचं. नाव मोठं आहे किंवा भिंत मोकळी आहे, एवढ्यावर तो घेत नसे.

मग चित्रांमुळे वाईन खपते का?

सरळ उत्तर असं की माणूस वर यायला कारण मिळतं. एकदा तो दारात आला की बाटली थेट मालकाकडून घेतो. मधला दलाल नाही, दुकानदार नाही, पूर्ण किंमत वायनरीच्या हातात. जाताना तो वाईन क्लबचा सभासद झाला, तर पुढचा माल घरपोच जातो. कमी उत्पादनाचा डोंगरी माल अशा विक्रीवर तग धरतो.

बांधावर येणाऱ्या व्यापाऱ्याने भाव पाडला तरी आपल्याकडं दुसरा इलाज नसतो. काही वेळा तर माल नेऊन व्यापारीच गायब होतो. त्यामुळं ‘गिऱ्हाईक बागेपर्यंत आलं पाहिजे’ ही गोष्ट आपल्याला पटायला वेळ लागत नाही.

पण इथंच नीट बघायला पाहिजे. हेसचे पैसे द्राक्षातून आले नव्हते, पाण्याच्या धंद्यातून आले होते. संग्रहालयात त्याने अनेक वर्षं फुकट प्रवेश ठेवला, कारण ते त्याला परवडत होतं. हे बघून कुणी सोसायटीचं कर्ज काढून बागेत पुतळे उभे केले, तर पुतळे राहतील आणि बाग जाईल.

जे भिंतीवर नाही

आलेल्या पाहुण्याला वेली दिसतात, चित्रं दिसतात, पण घड तोडणारे हात फारसे दिसत नाहीत. नापातल्या बागांत काम करणारे बहुतेक मजूर मेक्सिकोतून आलेले असतात. काढणीला बऱ्याचदा रात्रीच सुरुवात होते, डोक्याला दिवा बांधून, कारण गार द्राक्ष चांगलं टिकतं. खाली घरभाडं परवडत नाही म्हणून अनेक जण लांबून ये-जा करतात.

आणि डोंगराची जोखीम वेगळीच. ऑगस्ट २०१४ च्या भूकंपात हेसच्या वायनरीतल्या मोठ्या टाक्या कोसळून वाईन जमिनीवर वाहून गेली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये माउंट व्हीडर परिसरात वणवा पेटला आणि वायनरी रिकामी करावी लागली. आपल्याकडं गारपीट नि अवकाळी, तिकडं आग नि धूर. धूर बसला की द्राक्षाला वास लागतो आणि माल नाकारला जातो.

कळसूबाईपेक्षा उंच बाग

हेसने पुढं अर्जेंटिनाच्या साल्टा प्रांतात ‘कोलोमे’ ही १८३१ सालची जुनी वायनरी घेतली. ती सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्या आडरानात २००९ मध्ये त्याने जेम्स टरेल या अमेरिकन कलाकाराचं संग्रहालय उघडलं. टरेल फक्त प्रकाशावर काम करतो. शहरापासून कित्येक तास कच्च्या रस्त्याने जावं लागतं, तरी लोक जातात.

आपल्यासाठी काय?

नाशिकला हा रस्ता नवा नाही. गंगापूर धरणाजवळ सुलाने २००५ मध्ये वाईन चाखण्याची खोली सुरू केली, तेव्हापासून लोक बाग बघायला येऊ लागले. राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे. छोट्या शेतकऱ्याने हेसकडून संग्रहालय उचलायचं नाही, त्याची सवय उचलायची. स्वतःला खरोखर जे आवडतं तेच दाखवायचं आणि ते वर्षानुवर्षं सोडायचं नाही. कुणाकडं आजीच्या हातची गोधडी असेल, कुणाकडं जुनी मोट, कुणाच्या वस्तीवर वारली चित्रं काढणारं घर असेल. भाड्याने आणलेला सेल्फी पॉइंट दोन हंगामात जुना होतो.

मुलाकडं गेलात आणि तिथं जायचं ठरलं, तर एवढं लक्षात ठेवा. आधी वेबसाइटवर काय उघडं आहे ते पाहून वेळ ठरवा. २१ वर्षांखालच्यांना वाईन मिळत नाही. चाखलेली वाईन थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकलं तर कुणी वाईट मानत नाही. वाईन न घेणाऱ्यालाही बघण्यासारखं पुष्कळ आहे. रस्ता घाटाचा आहे, गाडी चालवणाऱ्याने चाखूच नये. आणि बागेतून जाताना वेलीचा बुंधा, मातीचा थर, घडातला मणी जवळून बघा. ते तुम्हाला मुलापेक्षा जास्त कळेल. चित्रांपुढं मात्र घाई करू नका. जे चित्र घरी आल्यावर रात्री आठवेल, ते तुमचं.