भाडं थकलेला बाहुला

दात उपटायच्या खुर्चीभोवती गर्दी जमावी, एवढ्यासाठी लोराँ मुर्गेनं हातात बाहुला चढवला. फ्रान्समधल्या लियों शहरात रेशीम विणकरांच्या घरात १७६९ साली तो जन्मला. राज्यक्रांतीनंतर रेशमाचा धंदा बसला, माग थांबले. मुर्गे आधी फेरीवाला झाला आणि १७९७ च्या सुमारास दातांचा वैदू. दात तो फुकट काढायचा. कमाई व्हायची ती नंतर विकल्या जाणाऱ्या औषधांवर. गिऱ्हाईक खेचायला तो पोलिशिनेलचे खेळ करी. हा कुबडा विदूषक इटालियन नाट्यपरंपरेतून फ्रान्समध्ये आलेला. खेळ असे रंगले की १८०४ पर्यंत मुर्गेनं दातांचा धंदा सोडूनच दिला.

त्याचा साथीदार लाद्रे, लोकांच्या तोंडी ‘पेअर तोमा’, व्हायोलिन वाजवायचा, हजरजबाबी होता आणि दारूचा भारी शौकीन. तो भरवशाचा नाही हे कळल्यावर मुर्गेनं त्याच्याच वळणाचा बाहुला घडवला: लाल नाकाचा, सदा तहानलेला चांभार न्याफ्रों. मग १८०८ च्या सुमारास गिन्योल नावाचा बाहुला आला. गोल चेहरा, काळी टोपी, मागे लोंबणारी घट्ट वेणी, तपकिरी कोट. जोडीला बायको मादलों, कटकट करणारी, कारण घर चालवायचं ओझं तिच्यावर.

बाहुल्याला पाय नाहीत. लाकडी डोक्याच्या पोकळ मानेत एक बोट, दोन हातांत दोन बोटं, बाकी सगळं कापड. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. हसू, भीती, लबाडी, सगळं मनगटातून आणि आवाजातून उभं करावं लागतं. गिन्योलच्या हातातलं दांडकं, तावेल, रेशमाच्या कामातलंच अवजार. शिपायाच्या डोक्यावर ते बसलं की प्रेक्षक खूश होतात. तरी मला वाटतं, गिन्योलचं खरं हत्यार त्याची जीभ आहे. तो लियोंच्या ‘कान्यूं’ची, म्हणजे तिथल्या रेशीम विणकरांची बोली बोलतो. पुढे १८३१ आणि १८३४ मध्ये मजुरीसाठी रस्त्यावर उतरलेले ते हेच विणकर.

‘घर बदलणं’ हे त्याचं गाजलेलं जुनं प्रहसन घ्या. गिन्योलचं कित्येक तिमाह्यांचं भाडं थकलं आहे. घरमालक कानेझू वसुलीला दारात उभा. गिन्योल शब्दांना शब्द जोडत विषय असा भरकटवतो की मालकाला मूळ मुद्द्यावर परत येणंच जमत नाही. शेवटी रात्री चोरून घर रिकामं करायचं ठरतं आणि मदतीला येतो न्याफ्रों. खिसा रिकामा असलेला माणूस पैसेवाल्यापुढे केवळ बोलण्याच्या जोरावर टिकतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विणकराला हे पाहताना किती मोकळं वाटत असेल!

हे बोलणं लिहिलेलं नव्हतं. कथानकाचा सांगाडा ठरलेला, बाकी त्या दिवशीच्या बातम्या आणि समोरचा प्रेक्षक पाहून सुचेल ते. अशा जिभेची सरकारला धास्ती वाटणारच. १८५२ पासून फ्रान्सच्या नव्या सम्राटशाहीच्या, म्हणजे दुसऱ्या साम्राज्याच्या, सेन्सॉरनं संहिता लिहून आधी दाखवायची सक्ती केली. मुर्गे तोवर गेला होता. १८४४ मध्ये व्हिएन गावी त्याचं निधन झालं, पण त्याच्या मुलानातवंडांनी खेळ चालू ठेवला होता. १८६५ मध्ये ओनोफ्रिओ या न्यायाधीशानं, स्वतःचं नाव न घालता, ही प्रहसनं पुस्तकरूपात छापली. त्यांत सोवळेपणा शिरला, ही तक्रार रास्त आहे. पण त्यानं ती टिपली नसती तर आज हातात फारच थोडं उरलं असतं, म्हणून मी ओनोफ्रिओच्या बाजूनं.

पॅरिसच्या बागांमध्ये गिन्योल केव्हाच मुलांचा झाला. शिपाई मागून येतोय हे पोरं ओरडून सांगतात आणि त्याला नेमकं ऐकू येत नाही. ही गंमत अस्सल आहे. पण गिन्योलला फक्त मुलांपुरता ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कॅफेत दारूचे पेले समोर ठेवून, दिवसभराच्या कामानं थकलेल्या मोठ्या माणसांनी त्याला वाढवलं. लियोंच्या जुन्या भागात गादान्य वाड्यातल्या संग्रहालयात बाहुल्यांच्या या परंपरेला स्वतंत्र जागा आहे. तिथे बाहुले काचेआड नीट पाहता येतात, पण त्यानंतर खेळालाही जावं. आणि मोठ्यांसाठीचा प्रयोग लागला असेल तर आधी तोच गाठावा, कारण घरभाडं आणि घरमालक हे विषय तिथे अजून शिळे झालेले नाहीत.