शाळा आणि समाज (६) : आधी घरच्यांशी ओळख

गेल्या आठवड्यात आपण ऑस्ट्रेलियातल्या 'चोरलेल्या पिढ्यां'विषयी वाचलं. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकार आणि मिशन यांनी ॲबोरिजिनल घरांतली मुलं उचलून नेली आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली, इथवर आपण आलो होतो. त्याच समाजाची मुलं आज प्राथमिक शाळेत येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी शाळेनं काय करायचं, ते आज पाहू.

सुरुवात मुलापासून नव्हे, आजीपासून करावी लागते. न्यू साउथ वेल्समध्ये गोऱ्या पालकांनी हरकत घेतली की ॲबोरिजिनल मुलांना सरकारी शाळेबाहेर काढता येत असे. असा प्रवेश नाकारण्याची मुख्याध्यापकांना असलेली मुभा नियमपुस्तिकेतून निघाली ती १९७२ मध्ये. म्हणजे आज नातवाला सोडायला येणारी, साठी ओलांडलेली आजी स्वतः त्या नियमाच्या काळातली विद्यार्थिनी असू शकते. शाळा म्हणजे मूल नाकारणारी, नाहीतर घेऊन जाणारी सरकारी जागा, हे तिनं पाहिलेलं किंवा घरात ऐकलेलं असतं. ती पालकसभेला येत नाही, चिठ्ठीला उत्तर देत नाही, आणि शाळा शेरा मारून मोकळी होते : घरच्यांना शिक्षणाची आस्था नाही. हा शेरा मला सरळसरळ अन्यायाचा वाटतो. विश्वास ज्यानं मोडला, पहिलं पाऊल त्यानं टाकायचं असतं.

ते पाऊल टाकायला शाळेत त्या समाजाचं माणूस लागतं. न्यू साउथ वेल्सच्या अनेक शाळांत 'ॲबोरिजिनल एज्युकेशन ऑफिसर' असतात. ते वर्गात शिक्षकाच्या जोडीला बसतात, घरी जाऊन येतात, शाळेचं घराला आणि घराचं शाळेला समजावतात. वस्तीतल्या ज्येष्ठांना 'आंटी', 'अंकल' म्हणण्याची रीत तिथे आहे, आणि चांगल्या शाळांत शिक्षकही ती पाळतात. पण या माणसाला फक्त दंगेखोर पोरं आवरायला ठेवलं, अभ्यासक्रम ठरवताना विचारलंच नाही, तर सगळी नेमणूक कागदावरची राहते. त्याला कायमची नोकरी हवी, आणि त्याच्या शब्दाला वजन हवं.

घर कोणाचं, हेही शाळेला शिकावं लागतं. 'माय मरो पण मावशी जगो' असं आपण म्हणतो. अनेक ॲबोरिजिनल समाजांत मावशी ही नात्यानंच आई असते, चुलता हा बापच. मूल आठवडाभर मावशीकडे राहिलं तर ते 'घर सोडून भटकत' नसतं. प्रवेश-अर्जावर पालकाच्या दोनच रकान्यांत हे कुटुंब मावणार नाही, ही अडचण अर्जाची आहे.

कुणी वारलं की दुखवट्यासाठी अख्खं कुटुंब दूरच्या वस्तीला जातं, कधी कित्येक दिवस. हजेरीपटावर त्याची नोंद 'विनाकारण गैरहजर' अशी होऊ नये. अनेक समाजांत मृताचं नाव काही काळ उच्चारत नाहीत, फोटो झाकून ठेवतात. वर्गात त्याच नावाचं मूल असेल तर त्यालाही त्या काळात दुसऱ्या नावानं हाक मारतात. मध्य ऑस्ट्रेलियात त्यासाठी 'कुमनजाई' हे नाव वापरलं जातं. हजेरी घेताना जुनं नाव पुकारणारा शिक्षक भर वर्गात त्या मुलाला दुखावतो, आणि ते त्याच्या गावीही नसतं.

आता एक अगदी साधी गोष्ट : कान. शिक्षिका पाठीमागून हाक मारते, मूल वळत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही. 'उद्धट', 'मंद', 'लक्ष नाही' असे शिक्के बसतात. पुष्कळदा त्या मुलाला ऐकूच आलेलं नसतं. दाटीवाटीची घरं आणि तान्हेपणापासून होणारा संसर्ग यांमुळे मध्यकर्णात पाणी साचतं, पडदा फाटतो, कान वाहतो. एखाद्या समाजात ४ टक्क्यांहून अधिक मुलांचे कान असे सतत वाहत असतील, तर जागतिक आरोग्य संघटना ते तातडीचं संकट मानते. अनेक दुर्गम ॲबोरिजिनल वस्त्यांनी ही मर्यादा वर्षानुवर्षं ओलांडलेली आहे. शिवाय हे बहिरेपण येतं-जातं. सोमवारी ऐकणारं मूल गुरुवारी ऐकत नाही, म्हणून ते सोंग वाटतं. उपाय शाळेच्या आवाक्यातले आहेत : कानांची नियमित तपासणी, शिक्षिकेच्या गळ्यात छोटा माइक आणि वर्गात स्पीकर, मुलासमोर उभं राहून बोलणं. काही शाळांत सकाळी सगळा वर्ग मिळून दीर्घ श्वास घेतो, नाक शिंकरतो, खोकतो, हात धुतो, आणि मगच वाचायला बसतो.

भाषेच्या बाबतीत मात्र सरकारांनी धरसोड केली. नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ मध्ये द्विभाषिक शाळा सुरू झाल्या. २००८ मध्ये तिथल्याच सरकारनं दिवसाचे पहिले चार तास इंग्रजीतूनच, असा फतवा काढला. लहान मुलाचं डोकं सकाळी ताजं असतं, आणि तीच वेळ त्याला नीट न कळणाऱ्या भाषेला दिली गेली. हा निर्णय चुकीचा होता.

याउलट क्वीन्सलंडमधल्या चेरबर्गचं पाहा. १८९७ च्या कायद्याखाली ठिकठिकाणच्या ॲबोरिजिनल कुटुंबांना जिथे आणून कोंबलं गेलं, त्या वसाहतीतली ही शाळा. १९९८ मध्ये ख्रिस सारा तिचे पहिले ॲबोरिजिनल मुख्याध्यापक झाले. या मुलांकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, असं मानणाऱ्या शिक्षकांना त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही शाळा तुमच्यासाठी नाही. काही जण निघूनही गेले. वस्तीतली माणसं त्यांनी शाळेत कामाला घेतली आणि मुलांना ब्रीद दिलं, 'स्ट्राँग अँड स्मार्ट'. हजेरी वाढली, अभ्यास सुधारला. मुलं तीच होती, वस्ती तीच होती. मोठ्यांची अपेक्षा बदलली होती.

ॲबोरिजिनल संस्कृती साजरी करणाऱ्या, जुलैतल्या नायडॉक सप्ताहात झेंडे लावणं, नृत्य बसवणं चांगलंच. पण उरलेल्या वर्षाचं काम त्यानं भागत नाही.

सिडनी-मेलबर्नला राहणाऱ्या मराठी पालकांना एक विनंती. तुमची मुलं याच शाळांत शिकतात. ही शाळा ज्या भूमीवर उभी आहे ती मुळात कोणाची, ते मुलांना विचारा, त्यांना माहीत नसेल तर शाळेला विचारा. आणि पालकसभेत ॲबोरिजिनल कर्मचाऱ्याच्या पदाचा विषय निघाला तर त्याच्या बाजूनं हात वर करा.

(पुढील आठवड्यात : न्यूझीलंडमधल्या माओरी बालवाड्या)