कोळी चावला नव्हता



“सिस्टर, याला कोळी चावलाय,” असे सांगत पाड्यावरची एक बाई नवऱ्याला आपल्या दवाखान्यात घेऊन आली. त्याच्या छातीवर आठ-दहा लाल ठिपके होते आणि प्रत्येकातून कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा फुटलेल्या. मी एका ठिपक्यावर बोट दाबले. डाग नाहीसा झाला. बोट उचलताच मधून बाहेर पुन्हा लाली पसरली.

हा चावा नव्हे. कातडीतली बारीक रक्तवाहिनी रुंदावून असा डाग दिसतो. त्याला स्पायडर अँजिओमा म्हणतात. लहान मुलांना एखाददुसरा असला, किंवा गरोदरपणी उठला, तर घाबरू नये. बाळंतपणानंतर तो बहुधा जातो. पण मोठ्या माणसाच्या, त्यातही पुरुषाच्या, चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर असे बरेच डाग उठले तर यकृत तपासायलाच हवे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पुरुषांतही थोडे असते. ते निकामी करण्याचे काम यकृताचे. दारूने किंवा हिपॅटायटिस बी, सी यांनी यकृत खराब झाले की ते रक्तात वाढते. सावळ्या कातडीवर हे डाग चटकन दिसत नाहीत, म्हणून मी डोळ्यांचा पिवळेपणा, लाल तळहात, पाय-पोटाची सूजही पाहते.

याचे पोट फुगले होते. मोहाची दारू रोजची. घरी मलम चोळणे चालू होते! त्याला रक्ततपासणी व सोनोग्राफीसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. यकृत बरेच आकसले आहे. दोन महिने त्याने दारूला हात लावला नाही, असे बायको सांगते. घरात तीन मुले आहेत. त्याच्यासाठी प्रार्थना करा.