जहाल रेझर, मवाळ रेझर

कळवणच्या बाजारपेठेत किराणा दुकानाच्या काउंटरवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबतात. त्यांच्याच शेजारी पाच-पाच ब्लेडची चपटी पाकिटं पुठ्ठ्यावर टाचलेली असतात. कांद्याचा ट्रॅक्टर बाजार समितीत उभा करून आलेला शेतकरी असो की शाळेतले मास्तर, गिऱ्हाईक ब्लेड नाव घेऊन मागतं: टोपाझ द्या, सेव्हन ओ'क्लॉक द्या. रेझरचं नाव मात्र कुणी घेत नाही. तो घरात असतोच, बहुधा वडिलांच्या काळापासून. दाढीनंतर गळ्याची आग झाली, लाल पुटकुळ्या आल्या, की दोष ब्लेडच्या माथी जातो. ब्लेड बदललं जातं, रेझर तोच राहतो आणि आगही तशीच राहते.

ब्लेड निर्दोष असतं असं नाही. पण एकच ब्लेड दोन वेगळ्या रेझरमध्ये घातलं, तर एकात ते गालावरून सहज सरकतं आणि दुसऱ्यात कातडी खरवडतं. हा फरक रेझरच्या डोक्याच्या घडणीतून येतो. दाढीचे शौकीन अशा रेझरना आक्रमक आणि सौम्य म्हणतात. मराठी माणसाला राजकारणातले जहाल आणि मवाळ पाठ आहेत, तेच शब्द इथेही चपखल बसतात.

दुधारी ब्लेडचा रेझर म्हणजे मोजून तीन तुकडे: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. ब्लेड साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. दांडा पिळला की टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये हे पातळ पान दाबलं जातं आणि टोपीच्या गोलाईप्रमाणे वाकतं. वाकल्यामुळे त्याला ताठपणा येतो. पकड सैल असेल किंवा धारेजवळ आधार कमी असेल, तर खुंटाला भिडताना पान थरथरतं, केस सपकन कापण्याऐवजी ओढतं, आणि ती ओढ चेहऱ्याला जाणवते.

रेझरचा स्वभाव तीन मापांवर ठरतो. पहिलं माप धार आणि खालची पट्टी यांच्यामधल्या फटीचं. दुसऱ्यासाठी टोपीच्या कडेपासून पट्टीच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ मनात ओढावी. धार त्या रेघेच्या आत राहते, रेघेवर येते की बाहेर डोकावते, हे पाहायचं. तिसरं माप पट्टीची कड धारेपासून किती पुढे आहे याचं, कारण मधल्या मोकळ्या जागेत कातडी फुगून वर येते. या तिन्हींत दुसरं माप सर्वांत निर्णायक असूनही दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही बोलतात ते फटीबद्दल, कारण फट डोळ्यांना दिसते. फट मोठी पण धार आत दडलेली, असा रेझर मवाळ असू शकतो. उलट फट लहान आणि धार बाहेर आलेली असेल, तर तो चांगलाच चावतो.

कंपन्यांनी ही मापं नुसती हेरली नाहीत, विकलीही. जिलेटने १९५८ मध्ये ‘फॅटबॉय’ नावाने ओळखला जाणारा रेझर बाजारात आणला. त्याच्या मानेवरची चकती १ ते ९ पर्यंत फिरवली की ब्लेडची बैठक बदलायची. कॅनडातल्या रॉकवेल कंपनीने चकतीऐवजी बदलत्या पट्ट्या दिल्या. पहिल्या क्रमांकाच्या पट्टीची फट ०.२० मिलिमीटर, तिसरीची ०.४८ आणि सहावीची ०.८४. म्हणजे सर्वांत मवाळ आणि सर्वांत जहाल यांच्यातलं अंतर एक मिलिमीटरही नाही. जर्मनीच्या म्यूले कंपनीचे दोन रेझर तर शौकिनांमध्ये दोन टोकांची उदाहरणं म्हणूनच ओळखले जातात. ‘आर ८९’ला सलग पट्टी आहे आणि तो नवशिक्यालाही सांभाळून घेतो. ‘आर ४१’ला कंगव्यासारखे दाते आहेत आणि तो आठवड्याची वाढलेली दाढीही एका हातात उतरवतो, पण मनगट चुकलं तर माफी नाही.

कातडीचं काय होतं, हे समजायला तिचा सर्वांत वरचा थर पाहावा लागतो. मृत पेशींचा हा थर चेहऱ्यावर मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतकाच जाड असतो. केस कापताना धार या थराचाही थोडा अंश नेते. थोडा गेला तर कातडी तो भरून काढते. जास्त गेला, किंवा एकाच जागी तीन-चारदा गेला, की खालच्या जिवंत पेशी उघड्या पडतात, ओलावा सुटतो, रक्तवाहिन्या फुगतात. मग लाली येते, आग होते.

इथेच सर्वसाधारण समजुतीला धक्का बसतो. मवाळ रेझरने आग कमी होईलच असं नाही. राठ, दाट दाढीवर मवाळ रेझर पहिल्या हातात खुंट मागे ठेवतो. माणूस तिथेच पुन्हा हात फिरवतो, मग उलटा फिरवतो, मग दाबून फिरवतो. दाबलं की कातडी पट्टीपलीकडे फुगते आणि मवाळ रेझर हाताने जहाल होतो. जहाल रेझर तेवढंच काम एक-दोन हातांत संपवतो, पण कोन चुकला की चिरतो. विरळ दाढी आणि नाजूक कातडी असेल तर मवाळ, राठ दाढी आणि सराईत हात असेल तर थोडा जहाल, अशी निवड त्यामुळेच होते. धातूचा रेझर साधारण सत्तर-ऐंशी ग्रॅमचा असतो आणि त्याचं स्वतःचं वजन पुरतं. हलक्या प्लास्टिकच्या रेझरला वजन नसतं, त्यामुळे ते माणूस बोटांनी भरून काढतो.

पट्टी नसलेलं हत्यार म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. त्याच्या धारेला कुठलंच कुंपण नाही. जहाल-मवाळ जे काही आहे ते कारागिराच्या मनगटात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) ज्या बलुतेदारीचं चित्र आहे, त्यात न्हावी धोकटी घेऊन घरोघर जाई आणि सुगीला धान्यात मोबदला घेई. वस्तरा दगडावर पाजवायचा, चामड्यावर फिरवायचा, ही त्याची रोजची कामं. आज कळवणपासून मुंबईपर्यंतच्या सलूनमध्ये पाजवणं संपलं आहे. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध वाकवून मोडायचं आणि अर्धं पान वस्तऱ्यासारख्या दांड्यात सरकवायचं. एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंच्या भीतीने गिऱ्हाईकही नवं ब्लेड डोळ्यांसमोर घालून घेतं. आरोग्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मात्र हे अर्धं ब्लेड जुन्या वस्तऱ्यापेक्षा हलकं, पातळ आणि कोनाच्या बाबतीत अधिक हट्टी असतं. सराईत कारागीर एका हाताने कातडी ताणतो आणि दुसऱ्याने आखूड, न दाबलेले हात मारतो, ते याचसाठी.

धारेला कुंपण घालण्याची कल्पना जुनी. अमेरिकेतल्या काम्पफे बंधूंनी १८८० मध्ये ‘स्टार’ रेझर काढला, पण त्याचंही पान पाजवावं लागे. किंग कॅम्प जिलेटला वापरून फेकायचं पातळ पान हवं होतं. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते बनवण्याची रीत बसवली. १९०३ साली जिलेटच्या कंपनीचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. पुढच्याच वर्षी रेझरची संख्या ९०,८८४ झाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड मागवले, आणि घरी स्वतःच्या हाताने दाढी करण्याची सवय त्या पिढीला लागली. महाराष्ट्रात ही पानं पुढे ठाण्यातच बनू लागली. मल्होत्रा कुटुंबाच्या ‘विद्युत मेटॅलिक्स’ने टोपाझ आणि सुपरमॅक्स ही नावं देशभर नेली.

भारतीय दाढीचं स्वतःचं गणित आहे, हे जिलेटला मात्र उशिरा कळलं. २००२ मध्ये भारतासाठी काढलेल्या ‘व्हेक्टर’ रेझरची चाचणी कंपनीने अमेरिकेत, एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. तिथे वाहत्या नळाखाली रेझर धुतला जायचा. इथे माणूस मगभर पाण्यात दाढी करतो, त्यामुळे केस रेझरमध्ये अडकून बसले. नंतर कंपनीची माणसं भारतीय घरांत बसली, लोक कसे दाढी करतात ते त्यांनी पाहिलं. त्यातून २०१० मध्ये एकाच पात्याचा ‘गार्ड’ आला: रेझर १५ रुपये, जादा पातं ५ रुपये, सुटे भाग मोजून चार. कातडी सपाट ठेवणारा कंगवा पुढे बसवून त्यांनी मुद्दाम मवाळ रेझर केला, कारण ज्याला अंधूक उजेडात लहानशा आरशात दाढी करायची आहे, त्याची पहिली चिंता कातडी कापली जाण्याची असते.

एकाच पात्याचा आणखी एक फायदा आहे. तीन किंवा पाच पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस जरा ओढतं आणि तो मागे सरकण्याआधी पुढचं पातं तो कापतं. गाल गुळगुळीत लागतो, कारण केसाचं टोक कातडीच्या खाली गेलेलं असतं. ज्यांची दाढी कुरळी आहे, त्यांच्या बाबतीत हे टोक वाढताना बाहेर न येता आतच वळतं आणि गळ्यावर गाठी उठतात. त्वचारोगतज्ज्ञ अशांना सुलट हात मारायला, कातडी न ताणायला आणि केस थोडा राखायला सांगतात.

ब्लेड कधी बदलायचं, यालाही आता शास्त्राचा आधार आहे. पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असलेला केस धार कशी बोथट करतो, याचा शोध एमआयटीतल्या संशोधकांनी घेतला आणि २०२० मध्ये तो ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसलं की धार झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून तिरका भिडला आणि पोलादाची घडण तिथे एकसारखी नसली, की टवका निघतो. टवके उडालेली धार केस ओढते आणि हात आपोआप दाबायला लागतो. तिथून पुढे मवाळ रेझरही वाचवू शकत नाही.

पाणी हा दाढीची आग टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजला की फुगतो, मऊ पडतो आणि कापायला जोर बराच कमी लागतो. म्हणून अंघोळीनंतरची दाढी सोपी जाते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस बसतो, ब्रशवर चोथा उरतो आणि पातं कोरड्या कातडीवर फिरतं. अशा वेळी पिण्याचं पाणी मऊ असेल तर त्यातलं अर्धं भांडं घेतलं तरी फेस टिकतो. शेवटी तुरटी फिरवायची. पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचा हा क्षार कातडी आकसून बारीक रक्तस्राव थांबवतो. शिवाय ती जिथे झोंबते तिथे पात्याने जास्त कातडी नेलेली असते. बहुतेकांना ती जबड्याच्या खाली झोंबते. तिथे केस भोवऱ्यासारखे फिरतात, कातडी सैल असते आणि गालावरचा कोन तिथे चालत नाही. रेझर बदलण्याआधी बोटांनी केसांची दिशा चाचपून त्या भागापुरता हात सुलट केला, की बऱ्याच जणांची ब्लेडविषयीची तक्रार मिटते.