अंबर एल चाखायची कशी, जोखायची कशी?

अमेरिकन अंबर एल ही माझी सर्वांत लाडकी क्राफ्ट बिअर. माल्टचा गोडवा आणि हॉप्सचा कडवटपणा यांचा तोल हाच तिचा प्राण.

🍺 तापमान : बर्फगार बिअरचा वास दबून जातो. फ्रीजमधून काढून थोडं थांबा. ८ ते १२ अंश सेल्सिअस उत्तम.

🍺 रूप : ग्लास स्वच्छ हवा, तेलकटपणाने फेस बसतो. उजेडासमोर धरा. तांब्यासारखा लालसर रंग आणि टिकणारा, किंचित पिवळसर फेस दिसायला हवा.

🍺 वास : ओतल्या ओतल्या घ्या, तो लवकर उडतो. कॅरमेल, टॉफी येते क्रिस्टल माल्टमधून; ग्रेपफ्रूटची साल आणि पाइन कॅस्केडसारख्या हॉप्समधून.

🍺 चव : घोट तोंडभर फिरवा आणि गिळा. आधी गोडवा, मागून कडवटपणा यावा. शेवटी जीभ चिकट वाटली, तर तोल गेला.

🍺 दोष : लोण्याचा वास म्हणजे डायअसिटिल, उकडलेल्या मक्याचा म्हणजे डीएमएस, ही दोन्ही रासायनिक संयुगं. ओल्या पुठ्ठ्याची चव आली, तर बिअर ऑक्सिडाइझ झाली आहे.

बीजेसीपी या परीक्षक संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० पैकी चवीला २०, वासाला १२, एकूण प्रभावाला १०, माउथफीलला (तोंडात जाणवणाऱ्या स्पर्शाला) ५ आणि रूपाला फक्त ३ गुण असतात.

पुढच्या वेळी लेबल वाचण्याआधी स्वतःचे गुण कागदावर लिहा. असं करत राहिलात, तर तुमच्या पारखीत फरक जाणवेल. आणि हो, पिऊन गाडी चालवू नका.