रक्तदाबाची प्रामाणिक नोंद

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण मानिलें आहे. परंतु रक्तदाबाच्या विकारांत तेंच बहुधा आपणांस फसवितें. डोकें दुखत नाहीं, चक्कर येत नाहीं, भूक-झोंप यथास्थित आहे. तेव्हां आपण निरोगीच, असें मनुष्य समजतो आणि आंतल्या आंत हृदय, मूत्रपिंडें व मेंदूंतील रक्तवाहिन्या यांची हानि चाललेली असते. या व्याधीची खरी साक्ष यंत्रच देऊं शकतें. मात्र त्या साक्षीची नोंद करणारा प्रामाणिक असला पाहिजे.

आमच्या हदगांवाहून नांदेड सुमारें ६० किलोमीटर. महिन्यांतून एकदां तेथें जावें, प्रवासानें व डॉक्टरांच्या दर्शनानें चढलेला दाब मोजला जावा आणि त्या एका आंकड्यावर महिनाभराचें औषध ठरावें, हें समाधानकारक नव्हे. म्हणून डॉक्टरांनीं मला घरीं दाब मोजून दूरध्वनीनें कळविण्यास सांगितलें. दर शनिवारीं त्यांच्याकडील परिचारिका आंकडे विचारीत असे. ती माझीच जुनी विद्यार्थिनी.

आतां एक कबुली देतों. प्रकृति बरी वाटूं लागतांच मीं मधून मधून गोळी चुकविली. आंकडा मोठा आला कीं पुन्हां मोजावें, बरा आला तोच लिहावा, आणि तोहि न आला तर अंदाजानें लिहावा, येथवर मजल गेली. एका शनिवारीं ती म्हणाली, “गुरुजी, सातही दिवस १३०-८०च कसा? वर्गांत दोघांचें गणित सारखेंच चुकलें, कीं वही कोणाची पाहिली म्हणून तुम्हीच विचारीत होतां!” मग तिनें उरलेल्या गोळ्या मोजावयास लाविल्या. अकरा अधिक निघाल्या.

ती रागावली नाहीं. “गोळी कां नकोशी झाली?” एवढेंच तिनें विचारलें. तेव्हां कोठें मीं सांगितलें, कीं सायंकाळीं पाय सुजतात. एवढ्याशा गोष्टीसाठीं डॉक्टरांस त्रास कशाला द्यावा! अ‍ॅम्लोडिपिन या औषधानें कित्येकांचे पाय सुजतात, हें मला ठाऊक नव्हतें. डॉक्टरांनीं औषध बदलून दिलें. यंत्रानें केवळ आंकडा सांगितला असता. कारण विचारावयास माणूसच लागलें.

विद्वानांचा अनुभवहि हाच आहे. २०१७ सालीं २५ प्रयोगांतील माहिती एकत्र करून पाहतां असें दिसलें, कीं नुसतें घरीं मोजल्यानें वर्षाअखेर म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. परंतु त्यास वैयक्तिक सल्ल्याची भरपूर जोड मिळाली, तेथें वरचा दाब नेहमींच्या उपचारांपेक्षां सरासरी सुमारें ६ मिलिमीटर अधिक उतरला. त्याच सालीं आरंभिलेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमांत महाराष्ट्रांतील भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे प्रथम घेतले गेले. रुग्णाच्या प्रत्येक भेटीची नोंद ठेवणें आणि मुदत उलटूनहि न आलेल्यांस दूरध्वनी करणें, हें त्या कार्याचें एक मुख्य अंग होय.

घरीं मोजणारांनीं इतकें पाळावें. आधीं अर्धा तास चहा, तंबाखू नको. पांच मिनिटें स्वस्थ बसावें, पाठीस टेंका, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, बोलूं नये. एक मिनिटाच्या अंतरानें दोनदां मोजून दोन्ही आंकडे लिहावे. दाब वारंवार १३५-८५ वा त्याहून अधिक येऊं लागला तर डॉक्टरांस कळवावें. आपल्या मनानें गोळी वाढवूं नये, सोडूंहि नये. छातींत कळ, वांकडें तोंड, लुळा हात किंवा अडखळणारी वाचा दिसतांच मात्र सल्ल्याची वाट न पाहतां १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

आणि घरांतील तरुण मंडळींस एक विनंती. वडीलधाऱ्यांस यंत्र आणून दिलें म्हणजे कर्तव्य संपलें, असें मानूं नये. आंकडा मोठा आला तर रागावूं नये. रागावलेल्या घरांत खरा आंकडा लिहिला जात नाहीं. माझ्या वहींत या महिन्यांत एकदां १५२ आला आहे. तो तसाच ठेविला आहे.