गाडीचे सांधे खिळखिळे झाले तर?

आपल्या कॉलन्यांत आणि वस्त्यांत चारचाकी ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कुणी पतपेढीचे कर्ज काढून, कुणी फंडाचे पैसे मोडून जुनी का होईना गाडी दारात आणतो. हार घालतो, पेढे वाटतो. पण त्या गाडीच्या चाकामागे वाकून पाहणारे आपल्यात किती? इंजिन बिघडले तर गाडी फार तर रस्त्यात थांबेल. परंतु स्टीअरिंगचा सांधा सुटला तर गाडी थांबत नाही, हवी तिकडे जाते, आणि आत आपलीच मुलेबाळे बसलेली असतात.

हे सांधे म्हणजे काय?

आपल्या खांद्यात हाडाचा गोळा वाटीत फिरतो, तसाच गाडीचा बॉल जॉइंट. पोलादी गोळा, त्याभोवती वाटी, आत ग्रीस आणि वर रबरी टोपी, म्हणजे बूट. मारुती ८०० चेच उदाहरण घ्या. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ या काळात तयार झालेली ही गाडी जुन्या बाजारातून अनेकांच्या घरी आली. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला खाली लोअर आर्म असतो व त्याच्या टोकाला बॉल जॉइंट. स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला आणखी एक सांधा असतो, त्याला टाय रॉड एंड म्हणतात.

सांधा झिजतो तो बहुधा रबर फाटल्यामुळे. फाटक्या रबरातून पावसाचे पाणी आणि चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जाते आणि वाळूचे कण पोलाद घासू लागतात. दोन रुपयांची टोपी फाटली म्हणून डोके गमवावे, असा हा प्रकार. म्हणून पावसाळा संपला की बॅटरी घेऊन हे रबर एकदा पाहावेच.

दुखणे कसे ओळखाल?

खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर पुढून खडखड आवाज, सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे भरकटणे, टायर एकाच कडेने झिजणे ही लक्षणे. खात्री करायची असेल तर चाक वर उचलून घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. ढिलाई लागली तर टाय रॉड एंडचा संशय घ्या. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. ढिलाई लागली तर घरातील कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली तर बॉल जॉइंट पाहा. आर्म आणि चाकाचा नकल यांच्यामध्ये टॉमी घालून हलकेच उचकटले की झिजलेला सांधा डोळ्यांना दिसतो.

आधी जीव, मग काम

जागा सपाट व टणक हवी. हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हातही घालू नये. विटा रचून काम करणारे आपण पाहतो, पण वीट दाबाखाली अचानक फुटते. सुमारे साडेसहाशे किलोची गाडी माणसाला सावरायला वेळ देत नाही.

टाय रॉड एंड बदलताना

गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. चाक काढल्यावर दांड्यावरचा चेकनट थोडासाच सैल करा आणि त्याची मूळ जागा खडूने खूण करून ठेवा. सांध्याची स्प्लिट पिन काढून नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, आट्यांच्या टोकाशी राहू द्या. सांध्याची खुंटी निमुळती असते व आर्मच्या भोकात घट्ट बसलेली असते. पुलर लावला तर उत्तम. नसेल तर आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने नेमका ठोका द्या. खुंटीच्या आट्यांवर ठोकू नये.

आता जुना सांधा फिरवून काढताना फेरे मोजा आणि वहीत लिहा. नवा सांधा तितकेच फेरे बसवा. जुना आणि नवा शेजारी ठेवून लांबीही ताडून पाहा, कारण लांबीत फरक असला तर नुसते फेरे मोजून भागत नाही. खुंटी व भोक कोरड्या फडक्याने पुसा, तिथे ग्रीस लावू नये. नट ठरलेल्या जोराने आवळा. पिनचे भोक जुळले नाही तर नट आणखी किंचित आवळून जुळवा, सैल करून कधीही नाही. पिन नेहमी नवीच घाला.

बॉल जॉइंटची गोष्ट

काही गाड्यांत हा सांधा बोल्टने लावलेला, काहींत दाबून बसवलेला, तर काहींत आर्मचाच भाग असतो. तेव्हा अख्खा आर्म बदलावा लागतो. मॅकफर्सन पद्धतीत स्प्रिंग वर स्ट्रटवर असल्याने सांधा काढला तरी ती उसळत नाही. पण ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, तिथे हे काम घरी करू नये. ती स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. नकल बाहेर फार ओढू नका, ड्राइव्ह शाफ्टचा सांधा निसटेल. ब्रेकच्या नळीला पीळ पडू देऊ नका. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर, चाकावर भार आल्यानंतरच शेवटचे आवळा. चाक लटकत असताना आवळले तर रबराला कायमचा पीळ पडतो आणि नवा बुश लवकर फाटतो.

शेवटी चाकाचे नट समोरासमोर क्रमाने आवळा. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. मग हळू गाडी चालवत थेट व्हील अलाइनमेंट करून घ्या. घरी मोजलेले फेरे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेण्यापुरते असतात. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. झिजलेला सांधा ठोकून वा वेल्डिंग मारून घट्ट करून घेणारे आहेत. चार पैसे वाचतात खरे, पण तो हिशेब खोटा आहे. सांधा दुरुस्त होत नसतो, तो बदलायचा असतो. हे काम जमणार नाही असे वाटले तर चांगल्या मिस्त्रीकडे जावे, त्यात कमीपणा नाही. पण जाण्यापूर्वी दोष कुठे आहे हे आपल्याला माहीत असले, तर कुणी भलतेच बिल हातात ठेवू शकत नाही.

आणि हो, बॅटरी धरायला व ब्रेक दाबायला मुलाबरोबर मुलीलाही बोलवा. तारीख, किलोमीटर आणि बदललेला भाग तिच्याच हाताने वहीत लिहून घ्या. पुढच्या वेळी पाना तिच्या हातात असेल.